ऑफिसचा लॅपटॉप घरच्या वायफायवर अडतो तेव्हा: सेटिंग न बदलता काय काय तपासायचं

ऑफिसात दिवसभर नीट चाललेला लॅपटॉप घरी आला की नेट धरत नाही. मग घरातलं कोणीतरी उत्साहानं सेटिंगमध्ये शिरतं, दोन-चार आकडे बदलतं, नेट सुरू होतं. दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप ऑफिसात बंद. तिथले आयटीवाले आकडे पूर्ववत करतात आणि संध्याकाळी घरी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ओळखीच्यांकडे हे प्रकरण इतक्यांदा निस्तरून झालंय की आता माझा एकच नियम आहे: लॅपटॉप कंपनीचा, राउटर आपला. लॅपटॉपमध्ये फक्त बघायचं, बदल करायचा तो राउटरमध्ये.

खालचा क्रम फुकट आणि सोप्यापासून किचकटाकडे जातो. मधल्या पायऱ्या गाळू नका. बहुतेक भानगडी पहिल्या तिनांतच मिटतात.

लक्षणं

"नेट चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. यांपैकी नेमकं काय होतंय ते आधी ठरवा:

- शेजाऱ्यांची वायफाय नावं दिसतात, आपल्या घरचं मात्र दिसत नाही. किंवा दिसतं, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नाही.
- वायफाय जोडलं जातं, पण खाली "इंटरनेट नाही" असं येतं.
- ब्राउझर म्हणतो की प्रॉक्सी सर्व्हर (ब्राउझर आणि नेट यांच्यामधला ऑफिसचा मध्यस्थ) उत्तर देत नाही.
- बाकी सगळं उघडतं, व्हीपीएन (घरून ऑफिसच्या जाळ्यात शिरायचा सुरक्षित बोगदा) मात्र लागत नाही.
- व्हीपीएन लागतं, हिरवी खूणही येते, पण ऑफिसचा सर्व्हर किंवा फोल्डर उघडत नाही. याचाच एक भाऊ: मजकूर येतो, पण मोठी फाइल किंवा जड पान अर्ध्यात लटकतं.
- डॉकची (लॅपटॉपला लावायच्या जोडणीच्या डब्याची) केबल लावली की वायफाय तुटतं.

शेवटचं लक्षण असेल तर ते बिघाड नसून कंपनीचं धोरण असण्याची शक्यता जास्त. केबल जोडलेली असताना वायफाय बंद ठेवायचं, अशी सोय विंडोजमध्ये कंपनीला करता येते. डॉकला राउटरकडून येणारी केबल खरंच लावलेली आहे ना, ते बघा. दुसरं टोक एखाद्या नेट नसलेल्या डब्यात असेल तर केबल काढा, विषय संपला.

१. मोबाइलचा हॉटस्पॉट

राउटरला हात लावायच्या आधी हे करा. घरच्या वायफायवर मोबाइल चालतोय का बघा. मग मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्यावर जोडा. या दोन गोष्टींतून दोष कुणाचा ते जवळजवळ कळतं.

मोबाइलही घरच्या वायफायवर चालत नसेल, तर लॅपटॉपचा काही संबंध नाही. राउटर किंवा नेटची लाइन बघा. मोबाइल चालतो आणि लॅपटॉप हॉटस्पॉटवरही चालतो, म्हणजे लॅपटॉप ठीक आहे, भांडण त्याचं आणि तुमच्या राउटरचं आहे. आणि हॉटस्पॉटवरही चालत नसेल, तर गाठ लॅपटॉपच्या आत आहे. तुम्ही राउटर दहा वेळा बंद-चालू केलात तरी फरक पडणार नाही. तेव्हा २ आणि ३ क्रमांकाच्या पायऱ्या करा आणि तिथूनच आयटीकडे जा.

चाचणी झाली की हॉटस्पॉट लगेच बंद करा. ऑफिसच्या लॅपटॉपला नेट मिळालं की तो मागे राहिलेले अपडेट ओढायला लागतो आणि मोबाइलचा डेटा बघता बघता संपतो.

२. रीस्टार्ट, घड्याळ आणि लटकलेलं व्हीपीएन

रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच, बंद करून चालू करणं नव्हे. विंडोजमध्ये "फास्ट स्टार्टअप" सुरू असेल तर शटडाउन केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला राहतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. झाकण मिटून घरी आणलेल्या लॅपटॉपबद्दल तर बोलायलाच नको, त्याच्या मनात तो अजून ऑफिसातच असतो.

तारीख आणि वेळ बघा. घड्याळ मागे-पुढे गेलं असेल तर सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारे दाखले) अवैध ठरतात, सुरक्षित पानं उघडत नाहीत, व्हीपीएनही नकार देतं. डोमेनच्या (कंपनीच्या सर्व्हरवरून ओळख पटवणाऱ्या) लॉगिनमध्ये तर सर्वसाधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

व्हीपीएनचं सॉफ्टवेअर "जोडतोय…" म्हणत लटकलं असेल तर ते रीतसर तोडा आणि पुन्हा जोडा. बऱ्याच कंपन्या व्हीपीएन लागेपर्यंत बाकी सगळी रहदारी अडवून ठेवतात. अशा लॅपटॉपवर "नेट नाही" असं दिसतं तेव्हा नेट असतं, पण ते तुमच्यापर्यंत सोडलेलं नसतं.

३. लॅपटॉपनं कोणता पत्ता घेतलाय ते वाचा

खरं निदान इथे होतं, म्हणून इथे थोडं थांबू. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग हा आदेश "ऑल" या जोडपर्यायासह चालवा. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही आणि त्यानं काही बदलतही नाही. ॲपलच्या मॅकवर नेटवर्क सेटिंगमध्ये वायफायच्या तपशिलात हेच दिसतं. लांबलचक यादी येते, त्यातल्या चारच ओळी आपल्या कामाच्या: डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळायची सोय) सुरू आहे का, आयपी पत्ता (जाळ्यातला लॅपटॉपचा आकडा), गेटवे (बाहेर जायचं दार, घरी म्हणजे राउटर) आणि डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा). वायफायच्याच ओळींचा गट बघताय ना, याची खात्री करा. व्हीपीएनचे आणि ब्लूटूथचे खोटे ॲडॅप्टरही (जाळ्याला जोडणारे भाग) त्याच यादीत असतात.

आता चार शक्यता.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होतो. म्हणजे लॅपटॉपनं राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. यानं घराबाहेर जाता येत नाही. कारण राउटरमध्ये शोधा. वाटायचे पत्ते संपले असतील: काही राउटरमध्ये मोजकेच पत्ते ठेवलेले असतात, आणि टीव्ही, कॅमेरे, दिवे धरले तर घरातली उपकरणं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त निघतात. किंवा राउटरवर मॅक फिल्टर (हार्डवेअर पत्ता बघून ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी गाळणी) लावलेला असेल. लॅपटॉपमध्ये "यादृच्छिक हार्डवेअर पत्ता" सुरू असेल तर तो वेगळ्याच ओळखीनं दारात उभा राहतो आणि फिल्टर त्याला आत घेत नाही. मॅक फिल्टर सरळ काढून टाका. त्यानं सुरक्षितता फारशी वाढत नाही, डोकेदुखी मात्र वाढते.

पत्ता घरचाच आहे, डीएचसीपी सुरू आहे, पण डीएनएसच्या ओळीत १०.० वगैरे ऑफिसच्या थाटाचा आकडा आहे. म्हणजे डीएनएस कुणीतरी हातानं बसवलाय. ओळखायची खूण: १.१.१.१ ला पिंग (उत्तर येतं का बघायची छोटी हाक) जातं, पण साइटचं कुठलंही नाव उघडत नाही. यात एक गंमत आहे. ऑफिसचा डीएनएस व्हीपीएन लागल्याशिवाय सापडत नाही, आणि व्हीपीएनच्या सर्व्हरचं नाव डीएनएसशिवाय सापडत नाही. लॅपटॉप न उघडता यावर एक उपाय आहे: काही राउटरमध्ये, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं एक खुलं सॉफ्टवेअर) चालणाऱ्यांत तर नक्कीच, घरातून बाहेर जाणारी साधी डीएनएस विचारणा राउटरनंच पकडून उत्तर द्यावं असा नियम टाकता येतो. लॅपटॉप कुणालाही विचारो, उत्तर राउटर देतो. व्हीपीएन लागल्यावर विचारणा बोगद्यातून जाते, त्यामुळे ऑफिसच्या नावांना धक्का लागत नाही. राउटरमध्ये ही सोय नसेल तर आयटीकडे जा.

डीएचसीपी बंद आणि पत्ता सरळसरळ ऑफिसचा. हा स्थिर, म्हणजे हातानं पक्का बसवलेला पत्ता. याचा सगळा कुटाणा पुढच्या पायरीत.

पत्ता, गेटवे, डीएनएस सगळं घरचंच. मग ही पायरी उत्तीर्ण, क्रमांक ५ वर जा.

४. स्थिर पत्ता बसवलेला असेल तर

समजा लॅपटॉपमध्ये १०.२०.५.४० असा पत्ता आणि १०.२०.५.१ असा गेटवे बसवलाय. तुमचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे. लॅपटॉप १०.२०.५.१ ला हाका मारत राहतो आणि त्या नावाचं घरात कोणी नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय: केबल काढा, वायफाय वापरा. विंडोजमध्ये हे आकडे नेहमीच्या पद्धतीनं त्या त्या ॲडॅप्टरवर बसवले जातात. ऑफिसात केबलवर स्थिर पत्ता दिला असेल तर वायफाय बहुधा कोरंच असतं आणि घरी आपोआप पत्ता घेतं. उलटही खरं: वायफायवर आकडे बसवले असतील तर केबल लावून बघा. यूएसबीला लावायचा वेगळा लॅन ॲडॅप्टर हाही नवा, कोरा ॲडॅप्टरच. मात्र अनोळखी यूएसबी वस्तू लावायला कंपनीची परवानगी आहे ना ते आधी विचारा.

त्यानं भागलं नाही तर एक जुना किंवा छोटा राउटर घ्या. त्याचं इंटरनेटचं तोंड घरच्या राउटरला जोडा आणि आतल्या बाजूचा पत्ता १०.२०.५.१ ठेवा, सबनेट मास्कही (जाळं केवढं ते सांगणारा आकडा) लॅपटॉपमधला. लॅपटॉप या छोट्या राउटरला जोडला की त्याला हवा तो गेटवे जागेवर सापडतो. घरच्या मुख्य राउटरचाच पत्ता बदलून हे करता येतं, पण करू नका. घरात दोन कंपन्यांचे दोन लॅपटॉप असले की दोघांचे आकडे वेगळे, आणि एकाचं सुरू झालं की दुसऱ्याचं बंद.

यातली मर्यादा नीट समजून घ्या. ज्याचं काम ईमेल आणि ब्राउझरवर भागतं त्यालाच ही युक्ती उपयोगी. व्हीपीएनमधून ऑफिसच्या त्याच १०.२०.५ गटातल्या सर्व्हरकडे जायचं असेल, तर लॅपटॉप त्याला घरातच शोधत बसण्याची शक्यता मोठी.

कायमचा इलाज आयटीच्याच हातात आहे, आणि तो पाच मिनिटांचा आहे. विंडोजमध्ये "पर्यायी संरचना" नावाचा एक कप्पा असतो: आधी आपोआप पत्ता माग, नाही मिळाला तर हा स्थिर पत्ता वापर. ऑफिसात डीएचसीपी नसेल तर हे चपखल बसतं. मॅकवर "लोकेशन" करता येतात, लिनक्सवर प्रत्येक जोडणीचा वेगळा प्रोफाइल. एकदा बसवलं की घर-ऑफिस ये-जा करताना कुणाला काही करावं लागत नाही. ऑफिसात डीएचसीपी असेल तर मुळात स्थिर पत्ता लॅपटॉपला कशाला, असा प्रश्नही विचारायला हरकत नाही. एखाद्या यंत्राला ठरावीकच पत्ता हवा असेल तर तो सर्व्हरवर राखून ठेवता येतो.

५. प्रॉक्सी

पिंग जातं, नावं सापडतात, पण ब्राउझर प्रॉक्सीच्या नावानं रडतो. ऑफिसचा प्रॉक्सी ऑफिसच्या आतच असतो, त्यामुळे घरून तो दिसत नाही. आधी व्हीपीएन लावा, मग ब्राउझर उघडा. बऱ्याचदा एवढंच पुरतं. प्रॉक्सीची खूण काढून बघायचा मोह होईल. ती कंपनीच्या धोरणानं बसवलेली असेल तर बहुधा परत येईल. नसेल, तर उद्या ऑफिसात नेट बंद. सोडून द्या.

६. राउटरच्या वायफायचे हट्ट

घरचं नाव दिसतच नसेल किंवा पासवर्ड घेऊन गप्प बसत असेल, तर राउटरवर सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलाय का बघा. जुन्या वायफाय कार्डांना तो जमत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडा. उलट, राउटर अजून जुन्या डब्ल्यूपीए किंवा डब्ल्यूईपीवर असेल तर कंपनीचं धोरणच जोडणी नाकारू शकतं. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल १२ किंवा १३ असेल तर १ ते ११ मधलं निवडा, काही कार्डांना वरची दोन दिसत नाहीत. दोन्ही पट्ट्यांना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव असेल आणि लॅपटॉप इकडून तिकडे उड्या मारत तुटत असेल, तर ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या.

जाहिराती अडवणारी किंवा मुलांसाठी लावलेली गाळणी राउटरवर असेल तर ती थोडा वेळ बंद करून बघा. विंडोज "इंटरनेट आहे का" हे ठरवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून छोटीशी फाइल मागवतं. गाळणीनं तो पत्ता अडवला तर ब्राउझर मजेत चालतो आणि आउटलुक मात्र नेट नाही म्हणून बसून राहतं. अशा घरात तासभर आउटलुकशी झटापट झालेली असते, दोष मात्र गाळणीचा असतो.

७. व्हीपीएन लागतं, पण आतलं काही उघडत नाही

हा दोष सगळ्यात जास्त चकवतो. कितीतरी घरगुती राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात, आणि छोट्या ऑफिसांतही कुणीतरी तोच तसाच ठेवलेला असतो. ऑफिसचा फाइल सर्व्हर १९२.१६८.१.२० वर असेल आणि घरातला पत्ताही १९२.१६८.१ नं सुरू होत असेल, तर लॅपटॉपला वाटतं सर्व्हर याच खोलीत आहे. तो व्हीपीएनकडे वळतच नाही. एका घरात त्याच आकड्यावर घरचा प्रिंटर होता. ऑफिसच्या फोल्डरची विनंती निमूटपणे प्रिंटरकडे जात होती. खूण अशी की हॉटस्पॉटवरून तेच फोल्डर लगेच उघडतं.

उपाय राउटरमध्ये. आतल्या जाळ्याचा तिसरा आकडा सहसा कुणी निवडणार नाही असा करा, उदाहरणार्थ १९२.१६८.८३.१. दहानं सुरू होणारे पत्ते टाळा, मोठ्या कंपन्यांची जाळी बहुतेक तिथेच असतात. बदलल्यावर राउटरचं सेटिंगचं पान नव्या पत्त्यावर उघडेल, तो पत्ता राउटरच्या खाली चिकटवून ठेवा. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना हातानं पत्ते दिले असतील तर तेही बदलावे लागतील, म्हणून हे काम निवांत वेळीच काढा.

८. मोठ्या फाइली अर्ध्यात लटकतात

इथून पुढे किचकट. साध्या जोडणीत माहितीच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात. नेटची लाइन पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडली जाणारी) असेल तर १४९२ च. वर व्हीपीएन आपलं वेष्टन चढवतं. पाकीट मोठं होतं, वाटेत अडतं, आणि अडल्याचा निरोप परत आला नाही तर दोन्ही बाजू वाट बघत राहतात. व्हीपीएन तोडून, "तुकडे करू नको" हा पर्याय देऊन १४७२ आकाराचा (वरचे २८ बाइट पाकिटाच्या वेष्टनाचे) पिंग करा. तो अडला आणि १४६४ चा गेला, तर लाइन १४९२ ची आहे. राउटरच्या इंटरनेट सेटिंगमध्ये एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४९२ आहे ना ते बघा. एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं त्या मापात बसवणारा) असा पर्याय दिसला तर तो सुरू ठेवा. १४६४ ही जात नसेल, किंवा हे करूनही लटकत असेल, तर व्हीपीएनच्या टोकाला बदल लागेल आणि तो तुमचा प्रांत नाही.

व्हीपीएन मुळातच लागत नसेल आणि हॉटस्पॉटवर लागत असेल, तर राउटरमध्ये आयपीसेक पासथ्रू (आयपीसेक जातीच्या व्हीपीएनला वाट देणारा पर्याय) सुरू आहे का बघा. त्या जातीच्या व्हीपीएनला यूडीपी ५०० आणि ४५०० ही दारं उघडी लागतात. राउटरवर काही अडवलेलं नसेल तर नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन करून नेमका हाच प्रश्न विचारा. "व्हीपीएन चालत नाही" म्हणालात तर ते राउटर बंद-चालू करायला सांगतील.

कुठे थांबायचं

लॅपटॉपनं ॲडमिनचा पासवर्ड मागितला की थांबा. पासवर्ड ठाऊक असला तरी. "नेटवर्क रीसेट" दाबू नका. त्यानं सगळे नेटवर्क ॲडॅप्टर उपटून पुन्हा बसवले जातात आणि व्हीपीएनचं सॉफ्टवेअर नव्यानं घालायची वेळ येऊ शकते. अँटिव्हायरस किंवा फायरवॉल "जरा बंद करून बघू" हेही नको. घड्याळ बरोबर असताना सर्टिफिकेटचा इशारा आला तर "तरीही पुढे जा" दाबू नका, आयटीला कळवा. खातं लॉक झालं असेल, किंवा नव्या माणसाला डोमेनच्या लॅपटॉपवर पहिल्यांदाच घरून लॉगिन करायचं असेल, तर घरच्या जाळ्यात काही शोधू नका. आधी ऑफिसात लॉगिन केलेल्यांचीच ओळख लॅपटॉपला आठवत असते.

घरचा प्रिंटर व्हीपीएन लागल्यावर गायब होणं हाही बहुधा बिघाड नसतो. कंपनीनं सगळी रहदारी बोगद्यातून नेली की घरातल्या वस्तू दिसत नाहीत. फाइल आपल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर आणून छापणं कंपनीच्या नियमात बसतं का ते आधी बघा.

हेल्पडेस्कला तिकीट टाकताना असं लिहा: "घरच्या वायफायवर जोडलं जातं, पण नावं उघडत नाहीत, १.१.१.१ ला पिंग जातं. हॉटस्पॉटवरही तेच. डीएचसीपी सुरू, पत्ता १९२.१६८.८३.१२, गेटवे १९२.१६८.८३.१, डीएनएस १०.२०.१.५. घड्याळ बरोबर, रीस्टार्ट केलंय. लॅपटॉपमध्ये काहीही बदललेलं नाही." सोबत त्रुटीच्या संदेशाचा फोटो जोडा. हे वाचल्यावर त्यांना "रीस्टार्ट करून बघा" म्हणायला जागा उरत नाही आणि काम थेट डीएनएसच्या ओळीपासून सुरू होतं.